ट्रेझर सेफ ३ : स्वाक्षरीपूर्वी काय दिसते, याची परीक्षा

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो नाण्यांची गुप्त की इंटरनेटपासून दूर जपणारे छोटे उपकरण, निवडताना बहुतेक जण त्यातली चिप किती मजबूत आहे आणि त्यात किती प्रकारची नाणी ठेवता येतात एवढेच पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा : व्यवहारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी हे उपकरण मालकाला नेमके काय दाखवते आणि किती स्पष्टपणे दाखवते? या कसोटीवर ट्रेझर सेफ ३ बिटकॉइनसाठी उत्तम ठरते, इथर या दुसऱ्या नाण्याच्या साध्या देवघेवीसाठी चांगले ठरते आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) गुंतागुंतीच्या व्यवहारांसाठी अपुरे पडते. हे मत दीर्घ वापरानंतर बनलेले आहे.

प्राग येथील सातोशीलॅब्ज या कंपनीने २०१४ मध्ये पहिले ट्रेझर विक्रीस आणले आणि तेव्हापासून हार्डवेअर वॉलेट हा प्रकार रूढ झाला. सेफ ३ हे त्याच घराण्यातले ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेले उपकरण आहे. त्याला एकरंगी लहानसा पडदा, दोन बटणे आणि यूएसबी-सी जोडणी आहे; बॅटरी आणि ब्लूटूथ नाही, आणि मला ही उणीव वाटत नाही. खासगी की, म्हणजे पैसे खर्च करण्याचा अधिकार देणारा गुप्त आकडा, उपकरणाच्या आतच तयार होते आणि आतच राहते. संगणकावर तयार केलेला व्यवहार केबलमधून उपकरणात जातो, त्याचा तपशील पडद्यावर उमटतो, बटण दाबून मान्यता दिली की आतल्या आत स्वाक्षरी होते आणि फक्त ती स्वाक्षरी बाहेर पडते. त्यामुळे संगणकात मालवेअर (घातक प्रोग्रॅम) शिरलेले असले तरी त्याला की मिळत नाही. ते संगणकाच्या पडद्यावर खोटा पत्ता किंवा खोटी रक्कम मात्र दाखवू शकते, आणि म्हणूनच उपकरणाचा स्वतःचा पडदा इतका महत्त्वाचा आहे.

खरेदीच्या टप्प्यावरच मोठा धोका असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. मे २०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने बनावट ट्रेझर मॉडेल टीचा एक प्रकार उघड केला. बाहेरून ते उपकरण अस्सल दिसत होते, पण आतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी मुख्य चिप, बदललेला होता. मालकाला वाटे की नवे रिकव्हरी शब्द, म्हणजे ज्यांवरून वॉलेट पुन्हा उभे करता येते ते शब्द, तयार होत आहेत. प्रत्यक्षात चोरांनी आधीच ठरवून ठेवलेल्या २० संचांपैकी एक संच त्याला मिळत असे. त्याने वरून पासफ्रेज (शब्दांच्या जोडीचा स्वतः ठरवलेला गुप्त मजकूर) लावला तरी त्याचे केवळ पहिले अक्षर विचारात घेतले जाई. म्हणजे मालकाने सगळी काळजी घेतली तरी खासगी की पहिल्या दिवसापासून चोरांच्या हाती होती. म्हणून उपकरण थेट निर्मात्याकडून किंवा निर्मात्याने आपल्या यादीत नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे, आणि वापरलेले किंवा आश्चर्य वाटावे इतके स्वस्त मिळणारे उपकरण घेऊ नये.

सेफ ३ मध्ये या बाबतीत तीन तपासण्या आहेत. यूएसबीच्या तोंडावर होलोग्रामची पट्टी असते. उपकरण कारखान्यातून फर्मवेअरशिवाय (आत चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमशिवाय) निघते, त्यामुळे पहिल्यांदा जोडल्यावर त्यात आधीच फर्मवेअर आढळले तर तिथेच थांबायला हवे. तिसरी आणि सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे ट्रेझर स्वीट हे कंपनीचे ॲप सिक्युअर एलिमेंट या गुपिते जपणाऱ्या वेगळ्या चिपकडून उपकरणाच्या अस्सलपणाची खात्री करून घेते. होलोग्रामवर मी फारसा विसंबत नाही, कारण चिकटपट्टीची नक्कल करणे अवघड नसते. डब्यात रिकव्हरी शब्द आधीच छापून किंवा लिहून आलेले असतील, तर ती निर्विवाद फसवणूक आहे. असे उपकरण क्षणभरही वापरू नये.

मांडणीची सुरुवात ॲप उतरवण्यापासून होते आणि इथे घाई महागात पडते. २०२३ मध्ये लेजर या दुसऱ्या निर्मात्याच्या ॲपची बनावट आवृत्ती चक्क मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरवर पोहोचली होती आणि ती उतरवून घेणाऱ्यांचे पैसे गेले. सर्च इंजिनात नाव टाकून वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करण्यापेक्षा निर्मात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. त्यापुढचे काम सोपे आहे : ॲप फर्मवेअर घालते, उपकरण तपासते आणि नवे वॉलेट तयार करायचे का, असे विचारते.

नवे वॉलेट तयार करताना एक निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचे परिणाम ॲप पुरेसे समजावून सांगत नाही, ही माझी पहिली तक्रार आहे. सेफ ३ आता आपणहून २० शब्दांचा बॅकअप सुचवते. हा बॅकअप एसएलआयपी-३९ या मानकानुसार असतो आणि पुढे त्याचे वेगवेगळ्या जागी ठेवण्याजोगे अनेक वाटे करता येतात. १२ किंवा २४ शब्दांचा बॅकअप हा जुन्या आणि सर्वत्र चालणाऱ्या बीआयपी-३९ मानकाचा असून त्याचे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. २० शब्दांचा बॅकअप वाचू शकणारी वॉलेट तुलनेने थोडी आहेत, तर १२ किंवा २४ शब्द जवळजवळ कोणत्याही निर्मात्याच्या उपकरणात भरून पैसे परत मिळवता येतात. उद्या ही कंपनी राहिली नाही तर काय, या चिंतेने ज्यांची झोप उडते त्यांनी १२ शब्द घ्यावेत. १२ शब्दांमागे १२८ बिटांची यादृच्छिकता असते आणि ती अंदाजाने फोडणे आज कोणाच्याही आवाक्यात नाही. २४ शब्द अधिक सुरक्षित वाटतात, पण लिहिताना आणि पडताळताना दुप्पट कष्ट पडतात.

शब्द उपकरणाच्या पडद्यावर एकेक करून येतात आणि ते कागदावर क्रमांकासह, सुट्या व सुवाच्य अक्षरांत लिहावेत. शब्द इंग्रजी असतात, म्हणून ते रोमन लिपीत, पडद्यावर दिसतील त्याच स्पेलिंगने उतरवावेत; देवनागरीत उच्चार लिहून ठेवला तर काही वर्षांनी त्यावरून नेमके स्पेलिंग आठवेलच असे नाही. त्यांचा फोटो काढू नये, ते ईमेलमध्ये, मेसेजमध्ये किंवा क्लाउडवर ठेवू नयेत, संगणकाच्या कीबोर्डवर कधीही टाइप करू नयेत आणि छापूही नयेत. फोनमधले फोटो पुष्कळदा आपोआप क्लाउडवर चढतात आणि मग शब्द इंटरनेटपासून दूर ठेवण्याचा सगळा खटाटोप एका फोटोने व्यर्थ ठरतो. कागद जळतो आणि भिजतो, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर शब्द स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेणे इष्ट आहे. हे कामही स्वतःच्या हातांनी करावे, कोरणाऱ्या कारागिराकडे देऊ नये.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पैसे भरण्यापूर्वी बॅकअप खरोखर चालतो का, हे पाहावे. ट्रेझर स्वीटमध्ये बॅकअप तपासण्याची सोय आहे : शब्द उपकरणावर पुन्हा भरायचे आणि ते आतल्या वॉलेटशी जुळतात का, ते उपकरण सांगते. याहून पक्की रीत म्हणजे वॉलेटचा एक पत्ता टिपून घ्यायचा, उपकरण पूर्ण पुसून टाकायचे, कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे करायचे आणि तोच पत्ता परत येतो का, ते पाहायचे. दोन बटणांनी एकेक अक्षर निवडत शब्द भरणे कंटाळवाणे आहे, यात शंका नाही. पण ज्याने एकदा उपकरण पुसून पुन्हा उभे केले आहे, त्याला उपकरण हरवण्याची भीती उरत नाही, आणि लिहिण्यात झालेली चूकही वॉलेट रिकामे असतानाच सापडते.

पिन उपकरणावरच भरला जातो, त्यामुळे संगणकावरचा कीलॉगर (दाबलेली बटणे टिपणारा प्रोग्रॅम) तो पाहू शकत नाही. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा भरल्यास थांबण्याचा काळ वाढत जातो आणि शेवटी उपकरण स्वतःला पुसून टाकते. जुन्या ट्रेझरमध्ये सिक्युअर एलिमेंट नव्हता. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकन या क्रिप्टो नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजच्या सुरक्षा विभागाने उपकरण हाती आल्यास साधारण १५ मिनिटांत त्यातून सीड (रिकव्हरी शब्दांमागचे मूळ गुपित) काढता येते, असे दाखवून दिले होते. सेफ ३ मध्ये ही उणीव बरीच भरून निघाली आहे : योग्य पिन मिळाल्याशिवाय सिक्युअर एलिमेंट आपले गुपित सोडत नाही आणि त्याशिवाय मुख्य चिपवरचे सीड उलगडत नाही. मार्च २०२५ मध्ये लेजरच्या डॉनजॉन या संशोधन गटाने सेफ ३ च्या मुख्य मायक्रोकंट्रोलरवर अजूनही हल्ला करता येतो आणि त्यात फेरफार केलेला प्रोग्रॅम घालता येतो, असे दाखवले. हा गट प्रतिस्पर्ध्याचा असला तरी त्यांचे काम गांभीर्याने घ्यावे असेच आहे. घरात वापरात असलेल्या उपकरणाला त्यातून दुरून धोका होत नाही, परंतु अनोळखी हातांतून आलेले उपकरण घेऊ नये, हा वरचा मुद्दा त्यामुळे अधिकच बळकट होतो.

पासफ्रेजची सोय प्रभावी आहे, पण मी ती नवशिक्यांना सुचवत नाही. शब्दांच्या जोडीला आपण ठरवलेला पासफ्रेज दिला की एक निराळेच वॉलेट उघडते आणि शब्दांचा कागद चोराच्या हाती पडला तरी ते वॉलेट त्याला दिसत नाही. अडचण अशी की चुकीचा पासफ्रेज असे काही नसतेच. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी उपकरण तक्रार न करता रिकामे वॉलेट दाखवते. पासफ्रेज विसरला तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. तो वापरायचाच असेल तर तोही लिहून, पण शब्दांपासून वेगळ्या जागी ठेवावा.

रोजच्या वापरात पैसे स्वीकारताना ॲपमधला पत्ता लगेच कोणाला पाठवू नये. तो उपकरणाच्या पडद्यावर उमटवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. क्लिपबोर्डवरचा पत्ता गुपचूप बदलणारे मालवेअर जुने आणि सर्वत्र पसरलेले आहे. केवळ पहिली आणि शेवटची चार अक्षरे पाहण्याची सवयही सोडावी, कारण चोर तशाच सुरुवातीचे आणि शेवटाचे पत्ते तयार करून त्यांवरून नगण्य रक्कम पाठवतात, जेणेकरून पुढच्या वेळी मालक जुन्या व्यवहारांच्या यादीतून तोच पत्ता उचलेल. मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी छोटी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी आणि एक्स्चेंजवरून काढताना नेटवर्क (पैसे ज्या ब्लॉकचेनवरून जातात ते) योग्य निवडले आहे ना, हे पाहावे. बिटकॉइनच्या व्यवहारात सेफ ३ पत्ता, रक्कम आणि शुल्क स्वच्छ दाखवते; या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या बाबतीत मात्र हा लहान पडदा कमी पडतो. काही व्यवहारांचा अर्थ उपकरणाला लावता येत नाही, तेव्हा ते कच्च्या हेक्स आकड्यांच्या (यंत्राच्या सांकेतिक अंकाक्षरांच्या) लांबलचक ओळी दाखवते आणि मालकाने त्या समजून मान्यता द्यावी अशी अपेक्षा असते. अशा अंध स्वाक्षरीचा परिणाम फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजने भोगला. व्यवहार तयार करणाऱ्या वेब इंटरफेसमध्ये चोरांनी फेरफार केला होता, अधिकाऱ्यांना संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, त्यांनी हार्डवेअर वॉलेटवरून मान्यता दिली आणि चार लाखांहून अधिक इथर, म्हणजे सुमारे दीड अब्ज डॉलर, निघून गेले. खासगी की कोणाचीही चोरीला गेली नव्हती. ज्याला डीफायमध्ये (स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, बँकेसारख्या मध्यस्थाशिवाय चालणाऱ्या आर्थिक सेवांमध्ये) वारंवार व्यवहार करायचे आहेत, त्याने मोठ्या पडद्याचे उपकरण घ्यावे, अशा व्यवहारांसाठी थोडी रक्कम असलेले वेगळे वॉलेट ठेवावे, आणि आपली टोकन (ब्लॉकचेनवरची इतर नाणी) खर्च करण्याची अमर्याद परवानगी मागणारी विनंती आली की ती नाकारून आवश्यक तेवढ्याच रकमेची परवानगी द्यावी. पडद्यावर जे वाचून समजत नाही, त्याला मान्यता देऊ नये.

फिशिंगपासून, म्हणजे खोट्या संदेशांतून गुपित काढून घेणाऱ्या फसवणुकीपासून, उपकरण वाचवत नाही. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणे आली, सोबत जुने उपकरण बदलून घ्या, असे सांगणारे पत्रही होते. ट्रेझरच्या ग्राहकांनाही २०२२ मध्ये खोट्या ॲपच्या लिंक असलेले ईमेल आले. कंपनी, तिचे साहाय्य केंद्र किंवा कोणतेही संकेतस्थळ रिकव्हरी शब्द मागत नाही. ते फक्त उपकरणावर, आणि तेही आपण स्वतः वॉलेट पुन्हा उभे करायला किंवा बॅकअप तपासायला घेतले असतानाच भरायचे असतात.

ॲन्ड्रॉइड फोनला केबल जोडून सेफ ३ वरून व्यवहार करता येतात, आयफोनवरून मात्र पैसे पाठवता येत नाहीत. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी हे लक्षात घेऊन निवड करावी.

वाटे करण्याच्या सोयीबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण ती वारसांचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवते. २० शब्दांच्या बॅकअपचे तीन वाटे करून त्यांपैकी कोणतेही दोन एकत्र आल्यावरच वॉलेट उघडेल, अशी रचना करता येते. एक वाटा चोरीला गेला किंवा जळाला तरी पैसे सुरक्षित राहतात, आणि मालकाच्या पश्चात घरच्यांना दोन वाटे एकत्र करता येतात. त्यांच्यासाठी एक वेगळा कागद लिहून ठेवावा, ज्यात उपकरण कोणते, बॅकअप कोणत्या मानकाचा, वाटे किती आणि कोणाकडे, पासफ्रेज वापरला आहे की नाही, आणि मदत करायला येणाऱ्या अनोळखी माणसाला शब्द सांगू नयेत, एवढे साध्या भाषेत लिहिलेले असावे. शब्द आणि पिन त्या कागदावर नसावेत.