बेळगावची कॉलेजं आणि फॉरेनची वाट

अ‍ॅडमिशनच्या दिवसांत बेळगावातलं कुठलंही प्रॉस्पेक्टस उघडा, परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांचं एक पान असतंच. यातले बरेचसे करार नुसत्या सहकार्याचे असतात. जागा किती, फी माफ की नाही, तिथे शिकलेल्या विषयांची क्रेडिट (श्रेयांक) इथे धरणार का, यावर त्यांत अक्षर नसतं. म्हणून समन्वयकाला तीन गोष्टी विचारा: गेल्या तीन वर्षांत कुठल्या ब्रँचची किती मुलं एक सेमिस्टर बाहेर गेली, तिथली फी कुणी भरली, आणि तिथले विषय इथल्या गुणपत्रकात आले का. तिसऱ्याला 'बघू' असं उत्तर मिळालं, तर परत आल्यावर मुलगा ते पेपर पुन्हा देणार असं धरूनच चाला. 'ट्विनिंग' (थोडं परदेशात शिकून पदवी इथली) म्हणत असतील तर यूजीसीचे २०२२ चे नियम लक्षात ठेवा: परदेशातली क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंतच.

आमच्या लेखी कॉलेजची खरी पारख परीक्षा विभागाच्या खिडकीवर होते. एक्स्चेंजला मोजकीच मुलं जातात, पदवीनंतर एमएसला जाणारी त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यांचं सगळं ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या एकत्रित अधिकृत गुणपत्रकावर अडतं. त्यावर उत्तीर्णतेची किमान श्रेणी छापलेली आहे का, ते आधी पाहा. जर्मनीत गुण बदलताना कमाल गुणांतून मिळालेले वजा करतात, त्याला कमाल आणि किमान यांच्या फरकाने भागतात, ३ ने गुणतात आणि १ मिळवतात. तिथे आकडा जितका कमी तितका चांगला. सीजीपीए १० पैकी ८.२ असेल आणि किमान ४ धरलं तर १.९ येतात. किमान ५ धरलं तर २.०८. प्रवेशाची अट २.० ची असेल तर तेवढ्यावर मुलगा बाहेर, अभ्यासात काही कमी नसताना.

व्हीटीयूला (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला) संलग्न कॉलेजात गुणपत्रक विद्यापीठाचं असतं. विद्यापीठ मच्छेलाच असल्याने बेळगावकराला स्वतः जाऊन पाठपुरावा करता येतो, हा मोठा फायदा. उद्यमबागेतल्या गोगटे इन्स्टिट्यूटसारख्या स्वायत्त कॉलेजात ग्रेड कार्ड कॉलेज काढतं आणि पदवी व्हीटीयूची मिळते. म्हणजे कागद दोन ठिकाणचे. तरीही आमचा कल स्वायत्त कॉलेजकडेच, कारण बाहेरचे विषय अभ्यासक्रमात बसवून घ्यायला तिथे जास्त मोकळीक असते. फक्त ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद पाकिटाला किती दिवस लागतात, ते आजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, ऑफिसला नको.

दिवसांचा हिशेब महत्त्वाचा आहे. जर्मनीच्या हिवाळी सत्राची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलैला संपते. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (इथले शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला) लागतं, त्याची फी १८,००० रुपये. आठव्या सेमिस्टरच्या निकालाची वाट बघत बसलं तर वर्ष जातं. सातव्याचं गुणपत्रक हातात येताच कामाला लागा.

बीएस्सी, बीकॉमवाल्यांसाठी सीमाभागात वेगळाच पेच आहे. कर्नाटक २०२४ मध्ये परत तीन वर्षांच्या पदवीवर आलं, महाराष्ट्रात मात्र चार वर्षांच्या ऑनर्सचा पर्याय आहे. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एमएसला चार वर्षांची पदवी मागतात. निपाणीचा मुलगा सीमेपलीकडे गडहिंग्लजला जाणार असेल तर चौथं वर्ष त्याच कॉलेजात खरंच चालतं का, हे आधी विचारून घ्या.

शेवटी नाव. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर इनिशियल, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव वेगळं, अशी तीन नावं एकाच मुलाची निघतात. जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. १ नोव्हेंबर २०१४ आधीच्या कागदांवर 'बेळगाव', नंतरच्यांवर 'बेळगावी', हाही फरक असतो. दोन्ही एकच शहर असं बोनाफाइडवर लिहून द्यायला जे ऑफिस खळखळ करत नाही, तिथे पुढची कामंही होतात.