टर्बो पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही : आर्वी तालुक्यातील 14 महिने आणि 21,000 किलोमीटर

2024 च्या दसऱ्याला आम्ही ही गाडी घरी आणली. आज तिला 14 महिने झाले असून मीटर 21,000 किलोमीटर दाखवत आहे. 1.2 लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 120 ते 130 पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) गटातली शक्ती, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि 17 इंची चाके असलेली ही चार मीटरच्या आतली एसयूव्ही आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या शक्तीच्या आसपासच्या अनेक गाड्या आज बाजारात आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांना कमीअधिक प्रमाणात लागू पडते.

लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असले, तर आपल्याकडे कर कमी लागतो. त्यामुळे कंपन्या इंजिन लहान ठेवतात आणि शक्ती टर्बोतून काढतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे पाते फिरते, ते हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते आणि जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाळता येते. आम्ही गाडी घेतली तेव्हा या गटावर उपकरासह 29 टक्के कर होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. आता घेणाऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवेल.

एवढी शक्ती गावात कशासाठी, हा प्रश्न मला घरातही विचारला गेला. त्याचे उत्तर मला समृद्धी महामार्गावर मिळाले नाही, ते आर्वी-वर्धा रस्त्यावर मिळाले. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्या या रस्त्यावर लागतात. जाळी बांधलेला कापूस दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला असतो, की मागच्या माणसाला समोरचे काही दिसत नाही आणि ट्रॅक्टर तर ताशी 25-30 च्या पुढे जात नाही. अशा वेळी किती वेळ आपण समोरून येणाऱ्याच्या बाजूला राहतो, यावरच सगळे अवलंबून असते. माझ्या मुलीने मोबाइलवर वेळ लावून पाहिली, तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 वरून 80 वर जायला या गाडीला सुमारे 5 सेकंद लागले. आमच्या आधीच्या, टर्बो नसलेल्या हॅचबॅकला याच कामाला सुमारे 9 सेकंद लागत असत. सरासरी वेग 60 धरला तर 5 सेकंदांत गाडी 83 मीटर जाते आणि 9 सेकंदांत 150 मीटर. समोरून ट्रक 60 च्या वेगाने येत असेल, तर त्या वाचलेल्या 4 सेकंदांत तोही आणखी 67 मीटर जवळ आला असता. या रस्त्यावर आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला या अंतराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मात्र टर्बोची एक सवय लक्षात ठेवावी लागते. इंजिनचे फेरे मिनिटाला साधारण 1500 च्या खाली असताना गाडी सुस्त असते आणि त्यानंतर जोर एकदम येतो. ट्रॉलीच्या मागे चौथ्या गिअरमध्ये रेंगाळत राहून अचानक ॲक्सिलेटर दाबला, तर पहिले दीड-दोन सेकंद काहीच घडत नाही. ओव्हरटेक करताना हा क्षण फार महाग पडू शकतो. म्हणून बाहेर डोकावण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा, जोर तयार ठेवावा आणि मगच निघावे. मला ही सवय लागायला दोन महिने गेले.

हाच उशिरा येणारा आणि एकदम येणारा जोर चिखलात उलटा पडतो. आमचे वावर पांदण रस्त्यावर, डांबरीपासून दीड किलोमीटर आत आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि चाकाला लापशीसारखी चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत गोट्यासारखा होतो. गेल्या जुलैमध्ये मी गाडी पांदणीत घातली. दिसायला उंच असली तरी ती फक्त पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. चाके घसरू लागताच ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर कापू लागले आणि गाडी जागच्या जागी थांबली. ती प्रणाली बटणाने बंद केली, तेव्हा टर्बोचा जोर आला आणि चाके फिरत फिरत आणखी खाली गेली. शेवटी शेजारच्या वावरातल्या काकाजींनी ट्रॅक्टर आणून दोर लावला. दोर सोडताना ते म्हणाले, "बापू, ही गाडी डांबरीची हाय, वावरातली नाही." ते मी मनापासून मान्य केले. आता पावसाळ्यात गाडी डांबरीच्या कडेला निंबाखाली उभी राहते आणि पुढे मी पायी जातो. कोरड्या दिवसांत दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने ती वावरापर्यंत व्यवस्थित जाते आणि आजवर तिचे पोट कुठे घासलेले नाही.

रात्रीच्या प्रवासाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ऑगस्टमध्ये वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि रात्री दोनच्या सुमारास त्यांना सेवाग्रामच्या रुग्णालयात न्यावे लागले. खरांगण्याच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने एक रोही, म्हणजे नीलगाय, समोर आला आणि पार झाला. एका रोहीमागे अनेकदा आणखी रोही असतात, म्हणून मी ब्रेकवरचा पाय उचलला नाही, आणि खरोखरच त्याच्यामागून आणखी दोन आले. दुसरा दिव्यांच्या प्रकाशात क्षणभर थबकला, त्याचे ओले अंग आणि मानेवरचे केस मला स्पष्ट दिसले. ब्रेकवरच्या पायाखाली एबीएसची (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या प्रणालीची) थरथर जाणवली, गाडी सरळ रेषेत राहिली आणि त्याच्यापासून पाच-सहा हातांवर थांबली. मी त्या वेळी 60 च्या आसपास होतो. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 80 वर असतो तर ते जवळजवळ पावणेदोन पट झाले असते. गाडीत 120 पीएस आहेत म्हणून त्या रात्री घाई केली नाही, याचे मला आजही समाधान आहे. वडील आता बरे आहेत.

समृद्धीवर आमच्या भागातून विरूळच्या इंटरचेंजने चढता येते. तिथे कारसाठी ताशी 120 ची मर्यादा आहे आणि त्या वेगाला इंजिन अजिबात धापा टाकत नाही. पण पेट्रोल बोलते. 100 च्या स्थिर वेगाला मला लिटरमागे 16 किलोमीटर मिळाले, 120 ला 13. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग 20 टक्के वाढवला की विरोध 44 टक्के वाढतो. गावातल्या फेऱ्यांत सरासरी 12 मिळते. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, हाही त्यातला एक भाग आहे. ज्यांचे महिन्याचे चालणे मोठे आहे, त्यांनी हा हिशेब आधी करावा.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दुपारी दोन वाजता एसी पूर्ण लावून चढ चढताना गाडी सकाळपेक्षा जड वाटते. सनरूफचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. पडदा ओढला तरी डोक्यावर ऊन जाणवते. महामार्गावरून उतरल्यावर मी एखादा मिनिट इंजिन तसेच चालू ठेवतो, म्हणजे टर्बोतले तेल फिरत राहते आणि तो हळूहळू थंड होतो.

धुळीचा त्रास मात्र मी कमी लेखला होता. पहिल्या सर्व्हिसनंतर सहा महिन्यांनी मी स्वतः एअर फिल्टर काढून पाहिला, तेव्हा त्याच्या घड्यांमध्ये तुरीच्या मळणीचा भुसा, कापसाचे तंतू आणि बारीक काळी माती दाबून बसलेली होती. सर्व्हिसच्या कागदावर मात्र फिल्टर तपासल्याची खूण होती. टर्बो इंजिनाला हवा भरपूर लागते, त्यामुळे आता मळणीच्या हंगामात दर महिन्याला मी तो काढून पाहतो आणि फुल सिंथेटिक तेल मुदतीच्या आधीच बदलून घेतो.

सर्वांत मोठी तक्रार 17 इंची चाकांची आहे. 215/55 आर 17 टायरची बाजूची उंची 118 मिलिमीटर, म्हणजे 215 मिलिमीटर रुंदीच्या 55 टक्के असते. काळ्या मातीवरचे आमचे रस्ते दरवर्षी फुगतात आणि खचतात, त्यामुळे डांबर लाटांसारखे होते आणि कडेला धारदार खड्डे पडतात. सप्टेंबरमध्ये अशाच एका खड्ड्याने डाव्या टायरच्या बाजूला अंड्याएवढा फुगा आला. आतले धागे तुटल्यावर असा फुगा येतो आणि त्याला पंक्चरसारखी दुरुस्ती नसते. टायर टाकून द्यावा लागला आणि हे नुकसान वॉरंटीत बसत नसल्याचे मला सांगण्यात आले.

205/65 आर 16 टायरची बाजू 133 मिलिमीटर उंच असते आणि त्याचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे मीटरच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. याच गाडीच्या खालच्या मॉडेलवर 16 इंची चाके येतात. गेल्या आठवड्यात वर्ध्याच्या एका टायरवाल्याकडे एक चाक बसवून ब्रेकच्या कॅलिपरला अडत नाही ना, हे पाहून घेतले. ते अडले नाही. तुरीचे पैसे आले की चारही चाके बदलून घेईन आणि विमा कंपनीला तसे लेखी कळवीन.