लिब्रेऑफिसच्या कोडवर चौघांनी मिळून काम: आठ महिन्यांनंतर

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून नवं अ‍ॅप बनवण्याऐवजी आम्ही चौघांनी लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या कोडवर काम करायचं ठरवलं. त्याला आठ महिने झाले. गटाने ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी खुला कोड असलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात, उतरायचा विचार करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

सुरुवातीचं थोडक्यात. पैसे लागत नाहीत, पण डेटा, डिस्कवरची जागा आणि सवड भरपूर लागते. आमच्यातल्या एकाच्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं) रात्रभर चालला आणि पहाटे मेमरी संपून बंद पडला. एका वेळी किती कामं चालवायची तो आकडा २ वर आणला, आधी झालेलं काम साठवून पुन्हा वापरणारं सीकॅश चालू केलं, मग जमलं. त्यानंतरचे बिल्ड खूप लवकर होतात, म्हणून पहिल्या आठवड्यात धीर सोडू नका.

नवख्यांसाठी 'ईझी हॅक्स' नावाची कामांची यादी असते. हेडर फायली (इतर फायलींत जोडल्या जाणाऱ्या) दोनदा वाचल्या जाऊ नयेत म्हणून त्यांत इन्क्लूड गार्डच्या ओळी असतात. आम्ही त्या जुन्या ओळी काढून तिथे त्याच कामाची प्रॅग्मा वन्स ही एक ओळ घालायचं काम घेतलं. काम सोपं होतं, आणि आम्ही तेच बिघडवलं. एकदम चाळीसेक फायली बदलल्या. त्यात माझ्या एडिटरने सेव्ह करताना सगळं इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) आपल्या मनाने बदललं होतं, ते मला दिसलंच नाही. मूळ बदल शंभरेक ओळींचा, पण डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत, काही हजार ओळी लाल-हिरव्या. आमच्यातल्या एकाने तो डिफ वाचायला घेतला आणि दहा मिनिटांत ठेवून दिला. "तुलाच माहितीये यात काय आहे," म्हणाला. त्याचं बरोबर होतं. आम्ही तो बदल मॉड्यूलनुसार फोडला आणि पुन्हा केला.

इथे कोडची तपासणी गेरिट नावाच्या वेब-साधनावर होते, आणि तिथे एक कमिट (नोंदवलेला बदल) म्हणजे एक चर्चा. सुधारणा सुचवली गेली की नवं कमिट करायचं नाही. जुनंच अमेंड (दुरुस्त) करायचं आणि कमिटच्या संदेशातला चेंज-आयडी, म्हणजे त्या बदलाचा ओळख क्रमांक, तसाच ठेवायचा, म्हणजे त्याच चर्चेत पुढचा पॅचसेट (बदलाची पुढची आवृत्ती) जातो. कॉलेजात आम्हाला 'फिक्स', 'फिक्स २', 'फायनल' अशी कमिटं करायची सवय होती. त्यामुळे पहिल्या वेळी आमच्याकडून एका बदलाच्या तीन वेगळ्या चर्चा उघडल्या गेल्या. आता मला हीच पद्धत आवडते. जेनकिन्स हा आपोआप चालणारा प्रोग्रॅम लिनक्स, विंडोज आणि मॅकवर बिल्ड करून बघतो, आणि तपासणाऱ्याला आमच्या धडपडीचा सगळा इतिहास चाळावा लागत नाही.

माझ्यात सगळ्यात मोठा बदल झाला तो लिहिण्याच्या बाबतीत. चौघं एका टेबलाशी बसलो की निम्मं काम तोंडी होतं. पण कोड तपासणारा माणूस त्या टेबलाशी नसतो. हा कोड स्टारऑफिसच्या काळापासून चालत आलेला. २००० साली ओपनऑफिस म्हणून तो खुला झाला आणि २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळं निघालं. त्यातल्या जुन्या जर्मन टिपणांचं स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं इंग्रजी भाषांतर केलंय. जर्मन टिपणं लिहिणाऱ्यांना हे कोण वाचेल याची कल्पनाही नसेल. ते कळल्यापासून कमिटच्या संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं हे मी आधी लिहिते.

याचा खरा कस एका मराठी फायलीत लागला. मैत्रिणीच्या वडिलांच्या लेखात 'दुसऱ्या' हा शब्द शोधला की काही ठिकाणी सापडायचा, काही ठिकाणी नाही. आमच्या बग रिपोर्टचा पहिला मसुदा होता: "मराठी शोध नीट चालत नाही." पाठवण्याआधी आम्ही तो आमच्यातल्याच दुसरीला वाचायला दिला. तिने विचारलं, आवृत्ती कुठली, कीबोर्ड कुठला, मी काय करून बघू? उत्तरं शोधताना उलगडा झाला. काही शब्दांत युनिकोडचा स्वतंत्र ऱ आणि हलन्त होता, तर काहींत साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरं. मग दोन ओळींची नमुना फाईल केली, पायऱ्या लिहिल्या, आणि ही तक्रार नसून सुधारणेची मागणी आहे हेही स्पष्ट केलं. तो रिपोर्ट लिहायला चार संध्याकाळी गेल्या. आठ महिन्यांतलं माझं सर्वांत आवडतं काम तेच.

त्रास झाला तो श्रेयाचा. लिब्रेऑफिसला आमचा 'गट क्रमांक' माहीत नाही. परवान्याची संमती प्रत्येकाने आपापल्या नावाने ईमेलने पाठवायची, आणि कमिटचा लेखक एकच. कॉलेजला मात्र चौघांचा समान वाटा दिसायला हवा होता. नोंदी बघितल्या तर एकाचे नऊ पॅच (कोडमधले बदल) आणि एकीचे दोन. त्या दोनवालीने बगझिला या बग नोंदवायच्या साइटवरचे जुने बग नव्या आवृत्तीत तपासून बघायचं जवळपास सगळं काम केलं होतं. यावरून आमच्यात आठवडाभर अबोला होता. शेवटी असं ठरलं की दोघांनी बसून काम केलं तर दुसऱ्याचं नाव कमिटच्या संदेशातल्या को-ऑथर्ड-बाय (सहलेखक) या ओळीत यायलाच हवं, आणि बग तपासण्याचं काम प्रोजेक्टच्या अहवालात पॅचच्या बरोबरीने मांडायचं. हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

एका सेमिस्टरमध्ये दाखवण्याजोगं काही हवं असेल तर हा मार्ग घेऊ नका. आमचे पहिले तीन महिने कोड वाचण्यात आणि बिल्ड करण्यातच गेले. सी++ चांगलं येत असेल आणि वर्षभर हातात असेल तर मात्र जरूर घ्या.

बिल्डच्या पायऱ्या आम्ही ज्युनियर्ससाठी मराठीत लिहून ठेवल्यात. गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने त्या वाचून आम्हाला काहीही न विचारता बिल्ड पूर्ण केला. सातव्या पायरीला ती अडली होती. आम्ही तिथे एक पॅकेज लिहायला विसरलो होतो. तिने ते शोधलं, टिपणात भरलं आणि संदेशात का भरलं तेही लिहिलं.