विभागप्रमुखांसाठीचा कोचिंग-मेंटॉरिंग अभ्यासक्रम : काही महिन्यांच्या वापरानंतर

बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या कस्टम ब्रोकर (आयात-निर्यातीच्या मालाचे सीमाशुल्काचे काम करून देणाऱ्या) कंपनीने गेल्या वर्षी आम्हा विभागप्रमुखांना कोचिंग (प्रश्न विचारून समोरच्याला स्वतः उत्तर शोधू देणे) आणि मेंटॉरिंग (अनुभवी व्यक्तीने मार्गदर्शन करणे) यांच्या अभ्यासक्रमाला पाठवले. शनिवारी दादरला वर्ग भरत. मधल्या आठवड्यांत तिघांच्या गटाने सराव करायचा असे. एकाने आपली खरी अडचण मांडायची, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे आणि तिसऱ्याने निरीक्षण नोंदवायचे. व्याख्यानांपेक्षा मला हा सराव कितीतरी अधिक उपयोगी पडला.

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आलेली ‘ग्रो’ पद्धत हा अभ्यासक्रमाचा कणा आहे. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार असे तिचे चार टप्पे. प्रत्यक्षात सगळा कस लागतो तो दुसऱ्या टप्प्यात. आयातीची कागदपत्रे पाहणारा आमचा एक सहकारी ‘क्लायंट वेळेवर कागद देत नाहीत’ अशी तक्रार नेहमी करत असे. ‘गेल्या महिन्यात कोणाचा, कोणता कागद अडला?’ एवढेच विचारल्यावर प्रथम ‘सर, तुम्हीच सांगा ना’ असे उत्तर आले. मी गप्प राहिलो. मग त्याने स्वतः यादी केली आणि बहुतेक वेळा मूळ देशाचा दाखलाच (माल कोणत्या देशात तयार झाला याचे प्रमाणपत्र) अडतो, कारण आपणच तो जहाज सुटल्यानंतर मागतो, हे त्याच्याच लक्षात आले. आता तो बुकिंगची सूचना आली की लगेच दाखला मागतो. ‘हे का केलेस?’ ऐवजी ‘तेव्हा तुझ्यासमोर काय काय होते?’ असे विचारले की माणूस बचाव सोडून बोलू लागतो, हेही वर्गात शिकवलेले तंतोतंत खरे निघाले.

मात्र प्रश्न कधी विचारू नयेत, याबद्दल अभ्यासक्रम जवळजवळ मौन बाळगतो आणि ही मला त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टमला द्यायचे घोषणापत्र, मुदतीत दाखल झाले नाही, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंब शुल्क लागते. मुदत संपत आलेल्या संध्याकाळी नव्या मुलाला पर्याय शोधायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे; तिथे नीट सांगावे, करून दाखवावे आणि विचारपूस दुसऱ्या दिवसावर ठेवावी.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. जो मार्चमध्ये माझे अप्रेझल लिहिणार, त्याच्यासमोर मी माझी कमजोरी कशी उघडी करीन? मेंटॉर आपल्या रिपोर्टिंगच्या साखळीबाहेरचा असावा, हे अभ्यासक्रमाने एका स्लाइडमध्ये उरकले. आम्ही न्हावा शेवाच्या कार्यालयातील ज्येष्ठांना इथल्या तरुणांशी जोडून दिले, त्यांच्यातील बोलणे एचआरलाही कळणार नाही असे लेखी ठरवले आणि त्यानंतरच मेंटॉरिंगला खरी सुरुवात झाली. (एचआरला हे पचायला थोडा वेळ लागला.)

शुल्क कंपनीने भरले असल्याने त्याबद्दल तक्रार नाही. स्वतःच्या खिशातून भरणाऱ्यांनी मात्र प्रमाणपत्राचे नेमके मोल आधी विचारून घ्यावे. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या मान्यतेलाही किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. आमचे प्रमाणपत्र त्याच्या जवळपासही जात नाही. विभाग सांभाळणाऱ्याला त्याची गरजही नाही, परंतु माहितीपत्रकातली भाषा तसा समज करून देते.