फोन इथला की जर्मनीहून आणलेला? एसएआरच्या आकड्यांपुरतं

नात्यातलं कुणी जर्मनीहून येणार म्हटलं की ‘येताना फोन घेऊन ये’ असा निरोप जातोच. मग घरातला एखादा चिकित्सक एसएआर काढून बसतो, म्हणजे फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप. भारताची मर्यादा किलोमागे १.६ वॉट, युरोपची २. म्हणजे आपला नियम कडक?

कडक आहे, आणि आकड्यांवरून वाटतो त्याहून जास्तच. भारत (१ सप्टेंबर २०१२ पासून) आणि अमेरिका सरासरी काढतात १ ग्रॅम ऊतींवर, युरोप १० ग्रॅमवर. १ ग्रॅम म्हणजे साधारण सेंटिमीटरभर बाजूचा ठोकळा, १० ग्रॅमचा दोन सेंटिमीटरहून थोडा मोठा. ठोकळा वाढला की जास्त ऊर्जा शोषणाऱ्या जागेसोबत आजूबाजूचा कमी शोषणारा भागही हिशेबात येतो आणि सरासरी उतरते. त्यामुळे तोच फोन, त्याच जागी धरलेला, युरोपच्या कागदावर ‘कमी’ दिसतो. इथला १.१ आणि तिथला ०.९ शेजारी ठेवून निवड करणं फुकट आहे.

तिकडचे लोक ढिले आहेत असंही नाही. फ्रान्समध्ये रेडिओ लहरींवर देखरेख ठेवणाऱ्या एएनएफआर या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १२ ची विक्री थांबवली. शरीरापासून ५ मिलिमीटरवरच्या चाचणीत फोन पास झाला होता. हातात किंवा खिशात अगदी चिकटून असतानाच्या चाचणीत मात्र ४ च्या मर्यादेपुढे ५.७४ भरला (वरची २ ची मर्यादा डोकं आणि धडासाठी, ही ४ ची हातापायांसाठी). ॲपलने सॉफ्टवेअर अपडेट देऊन ते निस्तरलं. फोन तोवर तीन वर्षं बाजारात होता, हे जरा खटकतंच.

तरी ४ ओलांडलं म्हणजे इजा झाली, असं नव्हे. दोन्ही पद्धतींत सामान्य माणसासाठी संपूर्ण शरीराची मर्यादा ०.०८ आहे, ज्या पातळीला उष्णतेचे दुष्परिणाम धरले जातात, तिच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी. शिवाय चाचणी फोन पूर्ण ताकदीवर ठेवून होते. रोजच्या वापरात रेंज चांगली असेल तर फोन ताकद बरीच उतरवतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये एका दांडीवर बोलताना चढवतो. तिथे इअरफोन लावण्याने जो फरक पडेल, तो पासपोर्टवाल्या फोनने पडणार नाही.

मी इथलाच घेईन, पण वॉरंटीसाठी. एसएआर बघायचाच तर बऱ्याच फोनवर *#०७# दाबलं की दिसतो.