कर्नलबाहेरचा ड्रायव्हर, की नवं वायफाय कार्ड?

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, आवाज आला, टचपॅड चाललं, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतोय, पण वायफायच्या जागी काहीच नाही. ही अडचण अजूनही बऱ्याच जणांना येते. तिच्यावर मुख्यतः दोन उपाय आहेत. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम.) एक म्हणजे आहे त्याच कार्डासाठी कर्नलबाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसने, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनाने, बांधून घेणं. दुसरा म्हणजे लॅपटॉप उघडून ते कार्डच काढायचं आणि ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असं कार्ड बसवायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण पहिला उपाय टाकाऊ आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही.

निवड करण्याआधी दुखणं नेमकं काय आहे ते बघून घ्या. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड 'एनएनके' पर्यायासह चालवली की प्रत्येक कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. वायफायच्या खाली ती ओळ असेल आणि तरीही नेटवर्क दिसत नसेल, तर ड्रायव्हर शोधत बसू नका. 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड चालवून वायफाय कुठे अडवलंय ते बघा. तिथे 'हार्ड ब्लॉक्ड' दिसत असेल तर लॅपटॉपचं बटण किंवा त्या बटणाचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा, आड येतंय. लेनोवोच्या काही आयडियापॅड लॅपटॉपवर तर मुळात बटणच नसायचं, तरी 'आयडियापॅड लॅपटॉप' नावाचं मॉड्यूल वायफाय बंद करून ठेवायचं. ते मॉड्यूल काढलं की काम व्हायचं. शेजारी विंडोज ठेवलं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. विंडोज अर्धवट झोपून जातं, कार्ड विचित्र अवस्थेत अडकून राहतं आणि नाव मात्र लिनक्सचं खराब होतं.

ती ओळ नसेल तरी लगेच पुढे जाऊ नका, कर्नल कितवं आहे ते बघा. रियलटेकचं ८८२१सीई हे कार्ड कर्नल ५.९ पासून आतल्या ड्रायव्हरवर चालतं. मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला ५.१२ लागतं, रियलटेकच्या ८८५२एई ला ५.१६ आणि ८८५२बीई ला ६.२. जुन्या आयएसओवरून, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या जुन्या फाइलवरून, इन्स्टॉल केलेल्या कितीतरी लॅपटॉपांचं दुखणं नुसतं नवं कर्नल घेतल्यावर संपतं. तसं झालं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

आता ज्यांचं तसं होत नाही त्यांच्यासाठी.

डीकेएमएसच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट म्हणजे पैसे लागत नाहीत. स्क्रू काढायचा नाही, वॉरंटीची चिंता नाही, आणि चूक झाली तर पॅकेज काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. लिनक्स मिंटमध्ये तर नेट नसतानाही इन्स्टॉलेशनची पेनड्राइव्ह लावून ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर घेता येतो. ही सोय फार विचारपूर्वक दिलेली आहे. आणि नेट हवंच असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा, लिनक्स त्याला काहीही न विचारता ओळखतं. बरेच जण इथे हॉटस्पॉट चालू करतात आणि मग अडतात, कारण हॉटस्पॉट पकडायलाही वायफायच लागतं.

कटकट सुरू होते ती दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगायला लागले की. ब्रॉडकॉमचा 'डब्ल्यूएल' हा बंदिस्त ड्रायव्हर टाकला की बी४३, बीसीएमए, एसएसबी, बीआरसीएमएसमॅक या कर्नलमधल्या मॉड्यूलांना ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे आपोआप न चालवायच्या यादीत, टाकावं लागतं, नाहीतर जो आधी पोचेल तो कार्ड धरतो. पॅकेज हे काम स्वतः करतं. पण पुढे कधी तुम्ही ते पॅकेज साध्या 'रिमूव्ह'ने काढलंत तर ब्लॅकलिस्टची फाइल मागेच राहते. मग बंदिस्त ड्रायव्हर गेलेला असतो आणि मोकळ्या ड्रायव्हरला दार बंद असतं. म्हणून काढताना 'पर्ज' करायचं, म्हणजे सेटिंगच्या फाइलींसकट काढायचं, आणि 'मॉडप्रोब डॉट डी' या फोल्डरमध्ये एक नजर टाकायची. रियलटेकच्या बाबतीतही तेच: बाहेरचा ८८२१सीई ड्रायव्हर हवा असेल तर आतला 'आरटीडब्ल्यू८८' बाजूला ठेवावा लागतो.

सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असेल तर आणखी एक पायरी. घरी बांधलेलं मॉड्यूल सही केलेलं नसेल तर कर्नल ते घेत नाही, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं सांगून मोकळं होतं. त्यासाठी इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायचा आणि रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'एन्रोल मॉक' (आपल्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. त्या पडद्यावर दहा सेकंदांचा काउंटडाउन चालतो. तेवढ्यात एखादी की दाबली नाही तर लॅपटॉप सरळ पुढे जातो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पण हे एकदाच. मी ते तक्रारीत धरत नाही.

माझं मत ठरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आई साताऱ्याला असते, मी पुण्यात. तिच्या लॅपटॉपवर मिंट आहे, आणि त्याचं मूळ कार्ड अशाच बाहेरच्या ड्रायव्हरवर चालायचं. मी समोर बसून बसवलं तेव्हा उत्तम चाललं. मग कर्नलचा अपडेट आला आणि तिचा फोन आला: "अरे, ते वायफायचं चिन्हच गेलंय. मी कशाला हात लावला नाही हं." तिने खरंच लावला नव्हता. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलंच गेलं नव्हतं. अपडेट मॅनेजरने ते सांगितलं असणार, पण शेकडो ओळींमध्ये ती एक ओळ कोण वाचणार? आणि आता नेट नाही म्हणून ड्रायव्हर आणता येत नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून मी पुण्यातून तिच्या स्क्रीनवर जाऊही शकत नाही.

यावरचा तात्पुरता उपाय चांगला आहे. जुनं कर्नल डिस्कवर असतंच, ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूतून ते निवडलं की वायफाय परत येतं. पण एकट्या लिनक्सच्या लॅपटॉपवर तो मेनू लपलेला असतो. तो काढायला एस्केप एकदाच आणि नेमक्या क्षणी दाबावं लागतं. जास्त वेळा दाबलं गेलं की मेनूऐवजी ग्रबचा काळा प्रॉम्प्ट समोर येतो. हे फोनवरून सांगून बघा. "आई, कंपनीचं नाव दिसलं की लगेच दाब." "दिसलं आणि गेलं रे." पुन्हा बंद, पुन्हा चालू. अशा वेळी समोरच्या माणसाला उगाचच वाटतं की चूक आपली आहे, आणि तेच मला सगळ्यात लागलं. चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपला ती घाबरायला लागली.

हे एकदाचं नाही, पुन्हा पुन्हा होणारं आहे आणि त्याला कारण आहे. कर्नलच्या आतल्या फंक्शनांची नावं आणि रचना कायम ठेवण्याचं वचन कर्नल लिहिणारे देत नाहीत. आतल्या ड्रायव्हरांत ते बदल स्वतःच करून टाकतात. बाहेरच्या ड्रायव्हरकडे कोणी बघायचं? ५.६ मध्ये 'आयओरीमॅप नोकॅश' हे जुनं फंक्शन काढलं, तेव्हा ते वापरणारे बाहेरचे ड्रायव्हर बांधले जाईनात. एका नावाचा बदल, पण तो कोणीतरी करेपर्यंत वायफाय नाही. ब्रॉडकॉमच्या त्या 'डब्ल्यूएल'ची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे. तेव्हापासून उबुंटू, डेबियनची मंडळी ठिगळं लावून ती चालती ठेवतात. त्यांचे उपकारच आहेत, पण त्या भरवशावर किती वर्षं काढायची हा प्रश्न उरतोच.

कर्नल गोठवून ठेवता येतं. मला ते पटत नाही, कारण सुरक्षेचे अपडेटही त्याच वाटेने येतात.

आता कार्ड बदलण्याबद्दल. यात काम थोडं असलं तरी तयारी नीट लागते. लॅपटॉप उघडण्याआधी तीन गोष्टी पाहा. कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं तर नाही ना? नव्या पातळ लॅपटॉपांत तसं असतं, मग विषयच मिटला. बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, परकं कार्ड स्वीकारतं का? जुन्या थिंकपॅडवर '१८०२' क्रमांकाचा एरर येऊन लॅपटॉप पुढेच जात नसे. नव्या लॅपटॉपांत हा जाच सहसा दिसत नाही, तरी आपल्या मॉडेलबद्दल शोधून घ्या. आणि स्लॉट कोणता आहे? जुन्यात हाफ मिनी पीसीआयई, नंतरच्यात एम.२.

खरेदीत लोक फसतात ते इंटेलच्या एएक्स२०१ आणि ९५६० या कार्डांपाशी. दिसायला एएक्स२०० सारखीच, त्याच एम.२ स्लॉटमध्ये बसतात, पण अर्धं काम इंटेलच्या ठरावीक चिपसेटवर सोपवलेलं असतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती चालतच नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० पूर्ण कार्डं आहेत, कुठेही चालतात. पहिल्याला कर्नल ५.१ लागतं, दुसऱ्याला ५.१०. लॅमिंग्टन रोडवर विचारताना नुसतं "इंटेलचं वायफाय कार्ड" म्हणू नका, पूर्ण मॉडेल सांगा आणि लेबल वाचूनच घ्या. जुना हाफ मिनी स्लॉट असेल तर ७२६० चं हाफ मिनी रूप मागा.

बसवताना आधी बॅटरीची वायर सोडवा. कार्ड एकाच स्क्रूने धरलेलं असतं. स्क्रू काढला की ते आपोआप तिरकं वर येतं. खरं जपायचं ते अँटेनाच्या वायरींना. एम.२ कार्डावरचं कनेक्टर टाचणीच्या डोक्यापेक्षा जेमतेम मोठं. वायर ओढायची नाही, टोकाखाली नख किंवा प्लास्टिकची पट्टी घालून सरळ वर उचलायची. बसवताना बरोबर मध्यावर ठेवून अंगठ्याने दाबलं की टिक् असा बारीक आवाज येतो. तो आला नाही तर बसलेलं नाही. तिरकं दाबलंत तर कनेक्टरची कडा चेपते आणि मग ते कधीच नीट बसत नाही. मिनी पीसीआयईचं कनेक्टर याहून मोठं असतं, म्हणून जुनं कार्ड काढून वेगळ्या प्रकारचं घालताना वायरी जुळणार नाहीत हेही ध्यानात ठेवा. स्वस्त लॅपटॉपांत अँटेनाची वायर एकच असते. ती मुख्य खुणेवर लावली तरी कार्ड चालतं, वेग कमी मिळतो इतकंच.

आईच्या लॅपटॉपमध्ये एएक्स२०० घातलं. चालू केलं आणि वायफायची यादी समोर आली. ड्रायव्हर कर्नलमध्ये, फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) मिंटबरोबर आलेलं. ब्लूटूथही त्याच कार्डावर असतं, त्यामुळे तेही आपोआप सुधारलं. त्यानंतर कर्नलचे अपडेट आले आणि गेले, मला कळलंही नाही. वेग मी मोजलेला नाही. पण स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल आधी अडखळायचा, तो आता चालतो एवढं आई सांगते.

इंटेलमध्ये सगळं गोड आहे असं नाही. लॅपटॉपवरूनच ५ गीगाहर्ट्झचा हॉटस्पॉट द्यायचा असेल तर ही कार्डं बहुधा नकार देतात, कारण देशाचे नियम ती स्वतःच ठरवतात आणि त्यात हात घालू देत नाहीत. ती गरज असेल तर मीडियाटेकचं एमटी७९२१ बघावं, त्याचा ड्रायव्हरही आतलाच आहे. यूएसबी डोंगल हा मधला मार्ग अनेक जण सुचवतात. एमटी७६१२यू चिपचं असेल तर ४.१९ पासून चालतं. काही डोंगल मात्र आधी सीडी ड्राइव्ह बनून विंडोजचे ड्रायव्हर दाखवत बसतात, आणि बाहेर डोकावणारी वस्तू घरातल्या लॅपटॉपला किती दिवस टिकते ते आपण जाणताच. सोल्डर केलेलं कार्ड असेल तर तोच पर्याय उरतो, तेवढ्यापुरता तो चांगला.

मग निवड कशी करावी? लॅपटॉप तुम्ही स्वतः वापरता, त्यावर डेबियन स्टेबल आहे आणि टर्मिनलची भीती नाही, तर डीकेएमएस खुशाल ठेवा. डेबियन १२ ला ६.१ आणि डेबियन १३ ला ६.१२ हेच कर्नल शेवटपर्यंत, आत फक्त दुरुस्त्या येतात, त्यामुळे मॉड्यूल मोडण्याचे प्रसंग कमी. वॉरंटी चालू असेल तरी ती संपेपर्यंत हेच शहाणपणाचं. फेडोरा किंवा आर्चवर मात्र नवं कर्नल वरचेवर येतं, तिथे बाहेरच्या ड्रायव्हरवर राहणं मला अवघड वाटतं. आणि लॅपटॉप आईवडिलांचा, काकांचा, गावच्या शाळेचा, थोडक्यात तुमच्या हाताखाली नसणारा असेल, तर माझ्या मते कार्डच बदलावं. जुनं कार्ड फेकू नका, कोणत्या मॉडेलचं ते पाकिटावर लिहून ठेवा. पुढे लॅपटॉप दुसऱ्याला विंडोजसकट द्यायची वेळ आली तर ते परत बसवता येतं आणि तुमचं एएक्स२०० पुढच्या लॅपटॉपला कामी येतं.