शब्द वगळावेत की मुलाला गप्प राहू द्यावे?

अमेरिकेतील शाळांत म्हटल्या जाणाऱ्या निष्ठेच्या प्रतिज्ञेत १८९२ साली देवाचा उल्लेख नव्हता. ‘देवाच्या छायेखाली’ अशा अर्थाचे शब्द तेथील काँग्रेसने (संसदेने) १९५४ मध्ये घातले.

ज्यांना ते शब्द पटत नाहीत त्यांच्यासाठी एक मार्ग सवलतीचा आहे. १९४३ च्या बार्नेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिज्ञेची सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि तो हक्क आजही कायम आहे. परंतु सगळा वर्ग एका सुरात बोलत असताना सात वर्षांच्या मुलाने एकट्याने गप्प राहायचे, म्हणजे आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा रोज सर्वांसमोर उघड करायची, हे ओझे मला त्या वयाला अन्यायकारक वाटते.

दुसरा मार्ग शब्द वगळण्याचा. २००४ मध्ये न्यूडाऊ खटल्यात या शब्दांना आव्हान देणाऱ्या, एका विद्यार्थिनीच्या पित्याला दावा करण्याचा अधिकार नाही, असे म्हणून न्यायालयाने मूळ प्रश्न अनिर्णित ठेवला. आपली ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा देवाचे नाव न घेताही देशप्रेम पुरेपूर व्यक्त करते, म्हणून मला हाच मार्ग अधिक न्याय्य वाटतो. मात्र त्याने सवलतीची गरज संपत नाही, कारण बार्नेट खटल्यातील ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांचा आक्षेप मुळात ध्वजवंदनालाच होता.